घरी कँटोनीज पद्धतीच्या परतलेल्या नूडल्स करताना त्यांचा गोळा का होतो? आच मोठी ठेवूनही ती चव का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की नूडल्स पाकिटावर लिहिल्याप्रमाणे उकडल्या, गॅस मोठा ठेवला, चांगला सोया सॉस आणला, तरी कढईत घातल्याबरोबर सगळ्याचा लगदा झाला आणि चव उकडल्यासारखी लागली. मी 2011 ते 2016 हाँगकाँगला राहिले. या नूडल्स मी तिथे शेजारच्या आजींकडून शिकले. त्यांना सगळे पो-पो म्हणायचे, म्हणजे आजीच. त्यामुळे हे उत्तर जरा सविस्तर देते.

आधी मूळ कारण सांगते. तुमची आच कमी पडत नाहीये, तुमच्या नूडल्समध्ये पाणी जास्त आहे. फोडणीच्या भाताला आपण शिळा भात का घेतो? ताजा, वाफेचा भात परतायला घेतला की त्याचा गिचका होतो. रात्रभर राहिलेला भात कोरडा होतो आणि शीत न् शीत मोकळं राहतं. इथेही तेच आहे. कढईत जोवर पाणी आहे तोवर पदार्थ शंभर अंशांच्या वर तापत नाही, म्हणजे तो परतला जात नाही, वाफेवर शिजतो. हॉटेलच्या भट्टीची आच इतकी प्रचंड असते की ते पाणी क्षणात उडून जातं. आपल्या शेगडीला ते जमत नाही, म्हणून पाणी आपण आधीच काढून टाकायचं.

आता कोणत्या नूडल्स, ते बघू. मी ज्यांच्याबद्दल बोलतेय त्यांचं नाव सी याउ वोंग चाऊ मिन. सी याउ म्हणजे सोया सॉस, वोंग म्हणजे सम्राट, चाऊ म्हणजे परतलेलं आणि मिन म्हणजे गव्हाच्या नूडल्स. हाँगकाँगमध्ये हा सकाळच्या नाश्त्याचा पदार्थ आहे. सोबत बहुतेक वेळा जुक असतं, म्हणजे तांदळाची पेज. कोकणातल्या माणसाला ती वाटी बघून घरची आठवण येईल. यात भाज्यांची गर्दी नसते, व्हिनेगर नसतं, लाल तिखट सॉस नसतो. आपल्याकडे गाडीवर मिळतात त्या नूडल्सची चव वेगळ्या वाटेने आलेली आहे आणि मला ती आवडतेही. पण ती डोक्यात ठेवून हा पदार्थ केलात तर तो फिका वाटेल. इथे चव नूडल्सची आणि गरम लोखंडावर चटका बसलेल्या सोयाची.

नूडल्स बारीक आणि अंड्याच्या घ्या. तिकडे पिठात क्षाराचं पाणी घालतात, जसा आपण उडदाच्या पापडात पापडखार घालतो. त्याने पिठाला पिवळसर रंग येतो आणि दाताखाली तटतटीतपणा येतो. शाम शुइ पो भागात मी बांबूवर मळलेल्या नूडल्स बनताना पाहिल्या आहेत. जाडजूड बांबूचं एक टोक भिंतीत अडकवलेलं, दुसऱ्या टोकावर माणूस एक पाय टाकून बसलेला, आणि तो उड्या मारत मारत खालचा पिठाचा गोळा दाबत जातो. अंडी बदकाची. अशा नूडल्स पुण्या-मुंबईत मिळायच्या नाहीत, पण मोठ्या दुकानांत बारीक, सुक्या अंड्याच्या नूडल्सची गुंडाळी मिळते. तिने काम छान भागतं. अंडं चालत नसेल तर साध्या मैद्याच्या बारीक नूडल्स घ्या, फक्त त्या लवकर मऊ पडतात हे लक्षात ठेवा.

दोन माणसांना 150 ग्रॅम सुक्या नूडल्स पुरतात. भरपूर उकळत्या पाण्यात टाका आणि पाकिटावर जी वेळ दिली असेल तिच्या निम्म्या वेळेपासूनच एकेक तार काढून चावून बघायला लागा. मधोमध किंचित कच्चेपणा जाणवला पाहिजे. उरलेलं शिजणं कढईत होतं. मग लगेच चाळणीत ओतून गार पाण्याखाली धरा. याला कँटोनीजमध्ये 'थंड नदी ओलांडणं' म्हणतात. त्याने शिजणं जागच्या जागी थांबतं, वरचा चिकट पिठूळपणा आणि क्षाराचा वास निघून जातो. त्यानंतर त्याच चाळणीवर पुन्हा उकळतं पाणी एकदा फिरवा. हे उलटं वाटेल, पण गरम नूडल्सवरचं पाणी आपोआप वाफ होऊन उडतं. गार नूडल्स ओल्याच बसून राहतात. पो-पो आपल्या रोवळीसारख्या बांबूच्या टोपलीत त्या निथळायच्या आणि दोन-तीनदा उचलून सोडायच्या. मी पंचा पसरते, त्यावर नूडल्स पातळ पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवते. हात लावला तर बोटांना ओल लागता कामा नये. या अर्ध्या तासात तुमचा निम्मा प्रश्न सुटतो.

मोडांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथे बरेच जण चुकतात. या पदार्थात मुगाचे मोड लागतात, पण आपण उसळीला काढतो ते नव्हेत. आपले मोड एका रात्रीचे, आखूड, सालासकट आणि मुख्य चव दाण्याची. त्यांचे मोड बोटभर लांब, पांढरेशुभ्र, पाण्याने तट्ट भरलेले. नीटस करणारे लोक त्यांचं डोकं आणि शेपटी दोन्ही खुडून टाकतात आणि उरलेल्या देठाला न्गान न्गा, म्हणजे चांदीचे मोड, म्हणतात. पो-पो आणि मी खिडकीपाशी बसून वर्तमानपत्रावर मोडांचा ढीग ओतायचो आणि तासभर खुडत राहायचो. माझं कँटोनीज तेव्हा अगदी मोजकं होतं. बहुतेक सगळं खाणाखुणांनीच चालायचं, पण तो तास मला आजही हवासा वाटतो. असे मोड घरी होतात. भिजवलेले मूग भोकांच्या भांड्यात पसरा, वर ओलं फडकं आणि त्यावर जड ताटली ठेवा, पूर्ण अंधारात ठेवून दिवसातून तीन-चार वेळा पाणी घाला. चार-पाच दिवसांत वाढतात. अंधारामुळे पांढरे राहतात, वजनामुळे देठ जाड होतात. तेवढा धीर नसेल तर कोबी बारीक लांब चिरून घ्या; उसळीचे मोड मात्र घालू नका.

सॉस आधीच वाटीत कालवून ठेवा. कढई तापल्यावर बाटल्या उघडत बसायला सवड नसते. एक मोठा चमचा लाइट सोया, दोन लहान चमचे डार्क सोया, अर्धा लहान चमचा साखर, एक मोठा चमचा गरम पाणी, चिमूटभर पांढरी मिरी. लाइट सोया चवीचा आणि खारटपणाचा, डार्क सोया मुख्यतः रंगाचा, हे त्यांचं गणित आहे. आपल्या साध्या दुकानांतला डार्क सोया बऱ्याचदा चांगलाच खारट निघतो, तेव्हा आधी जिभेवर टेकवून बघा आणि मीठ वेगळं घालूच नका. शेवटी घालायचं तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं हवं. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नसतो. ते नसेल तर थोडे तीळ खमंग भाजून वरून घाला.

कढई लोखंडाची किंवा बिडाची घ्या. नॉनस्टिक इतकी तापवायची नसते, त्याचा थर खराब होतो. रिकामी कढई मोठ्या आचेवर ठेवा, हलका धूर दिसू लागला की तेल घालून चहूकडे फिरवा आणि ते तेल ओतून काढा. मग नवं गार तेल घाला. तापलेली कढई आणि गार तेल, हा कँटोनीज स्वयंपाकातला पाठच आहे, त्याने पदार्थ चिकटत नाही. पहिल्यांदा उभा चिरलेला अर्धा कांदा चटका देऊन काढा. मग मोड, जेमतेम अर्धा मिनिट, तेही बाजूला काढा. दोन्ही आधी काढून ठेवायचे ते पुन्हा पाण्यासाठीच: मोड कढईत राहिले तर पाणी सोडतात.

आता पुन्हा मोठा चमचाभर तेल आणि निम्म्याच नूडल्स. हे महत्त्वाचं आहे. दोघांचं एकदम घातलंत की कढई गार पडते आणि पुन्हा वाफ धरते. एका माणसाचा एक घाणा, असंच करा. नूडल्स कढईभर पसरा आणि हात लावू नका. पहिल्यांदा मी लगेच झारा घालून ढवळायला गेले तेव्हा पो-पोंनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "म्-हो युक." हलवू नकोस. मिनिटभराने कडेच्या तारा तपकिरी झाल्या, खरपूस वास सुटला, मग त्यांनी सगळा पसारा धिरड्यासारखा उलटला. दुसऱ्या बाजूनेही तसंच. त्यानंतर झारा बाजूला आणि हातात लांब काड्या, म्हणजे चॉपस्टिक्स. झाऱ्याने नूडल्स तुटतात. काड्यांनी त्या उचलायच्या, उंच धरून झटकायच्या, सोडायच्या. काड्यांची सवय नसेल तर चिमटा घ्या.

सॉस नूडल्सवर ओतू नका. निम्मा सॉस या घाण्याला, तोही दोन वेळा करून, कढईच्या कडेला, उघड्या तापलेल्या लोखंडावर सोडा. तो चर्र करून फेसाळतो, त्यातलं पाणी तिथेच उडतं, साखर किंचित करपते, आणि मग तो खाली नूडल्सपाशी पोचतो. त्या लोकांचा वॉक हेइ नावाचा जो शब्द आहे, कढईचा श्वास, त्याचा घरच्या शेगडीवर मिळणारा मोठा हिस्सा या चर्र आवाजात असतो. डाय पाय डोंगमध्ये, म्हणजे तिकडच्या रस्त्यावरच्या खाण्याच्या गाड्यांवर, ज्वाळा कढईत शिरून तेलाचे थेंब पेट घेतात, तो धुरकटपणा घरी पूर्ण येणार नाही. पण कोरड्या नूडल्स आणि कडेवरचा सॉस, एवढं जमलं की घास तोंडात गेल्यावर फरक कळतो.

रंग सारखा झाला की कांदा, मोड आणि बोटभर लांब कापलेली कांद्याची पात परत घाला, दोनदा झटका, तिळाचं तेल, आणि उतरवा. सॉस घातल्यापासून इथवर मिनिटभराच्या वर वेळ जाता कामा नये. ताटात खाली ओघळ दिसला तर पुढच्या वेळी गरम पाणी निम्मं करा.

आणि दुसरा घाणा होईपर्यंत पहिला झाकून ठेवू नका, झाकणाखाली वाफ धरून तो मऊ पडतो. पो-पोंच्या घरी ज्याच्या पुढ्यात ताटली आली त्याने लगेच खायला लागायचं अशीच रीत होती. मी सगळ्यांसाठी थांबून बसले की त्या कढईपाशी उभ्या राहूनच, पाठमोऱ्या, काड्यांनी माझ्या ताटलीकडे खूण करायच्या.