भाकणूक आणि भाकीत: देवाची भाक कुणाला?

निपाणीकडच्या, पण सध्या पुण्यात नोकरीला असलेल्या एका वाचकाने विचारलंय: "ऑफिसात बोलता बोलता मी म्हणालो, 'यंदाच्या भाकणुकीत पाऊस चांगला सांगितलाय.' दोघं हसले. एकजण म्हणाला, 'शब्द भाकीत असा आहे, भाकणूक कुठनं काढलीस? कानडी आहे का?' तर हा शब्द खरंच कानडी आहे का? आणि दोन्हींत फरक काय?"

कानडी नाही. चोख मराठी आहे, आणि घडणीतही कुठे वाकडा नाही. वागणे-वागणूक, फसवणे-फसवणूक, करमणे-करमणूक, तसं भाकणे-भाकणूक. तुमच्या मित्रांना गणपतीची मिरवणूक चालते, दर पाच वर्षांनी निवडणूक चालते, मग भाकणुकीनं काय घोडं मारलंय? पुण्यात हा शब्द कानावर पडत नाही याचं कारण वेगळं आहे. यात्रेत देव माणसाच्या तोंडून येत्या वर्षाचं बोलतो, त्या विधीला चिकटलेला हा शब्द आहे आणि तो विधी मुख्यतः कोल्हापूर-निपाणी-चिकोडी या पट्ट्यात होतो. निपाणी तालुक्यात आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची यात्रा, पलीकडे हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची. तिथे देवाचे मानकरी फरांडेबाबा भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात तलवार घेऊन हेडाम, म्हणजे देवापुढचा नाच, खेळतात आणि मग भाकणूक होते. पाऊस, पीक, धारण (म्हणजे बाजारभाव), रोगराई, राजकारण, सगळं त्यात येतं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या पेपरांत ती छापून येते आणि चहाच्या टपरीवर तिच्यावर पोटभर वाद होतो.

आता फरक. तो कोशापेक्षा क्रियापदात चांगला दिसतो. भाकीत आपण करतो किंवा वर्तवतो. भाकणूक होते. भाकिताला कर्ता लागतो: अर्थतज्ज्ञ, हवामान खातं, नाक्यावरचा पोपटवाला. भाकणुकीत बोलणाऱ्या माणसाला कर्ता म्हणायची पद्धतच नाही. लहानपणी आजीबरोबर आप्पाचीवाडीला गेलो होतो. अंधार, थंडी, माणसांची ही गर्दी, आणि मला झोप अनावर झालेली. घरी आल्यावर कुणीतरी आजीला विचारलं, महाराज काय बोलले? आजी ठसक्यात म्हणाली, "महाराज कशाला बोलतील? देव बोलला. मी माझ्या कानानं ऐकलो बघ." (बाईमाणसानं 'ऐकलो' म्हणणं हे आमच्या भागाचं वेगळंच प्रकरण, त्यावर पुन्हा कधीतरी.)

दुसरा फरक त्याहून मजेचा. भाकीत चुकतं, आणि चुकलं की ते करणाऱ्याचं हसं होतं. भाकणूक चुकली असं मात्र मी आमच्या गावात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. सांगितलेला पाऊस पडला नाही तर लोक म्हणतात, "आपल्याला अर्थ लागला नाही." म्हणजे चूक बोलणाऱ्याकडून निघून ऐकणाऱ्याच्या पदरात पडते. तर्कशास्त्रवाल्यांना हे पटणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण शब्दाच्या पोटात शिरलं की लोक असं का बोलतात ते कळतं.

भाकणूक निघाली भाकणे या क्रियापदापासून आणि त्याच्या मागे उभी आहे भाक. भाक म्हणजे दिलेला शब्द, वचन. संस्कृत 'भाषा'चं हे घरगुती रूप. 'ष'चा उच्चार 'ख' झाला, भाषाची भाखा झाली, आणि मराठीने शब्दाच्या शेवटच्या 'ख'मधली हवा काढून घेतली. हिंदीत भूख, आपल्याकडे भूक. हिंदीत भीख, आपल्याकडे भीक. तशीच भाखाची भाक. मुळात अर्थ नुसता 'बोलणं'. पण तोंडातून गेलेलं बोलणं माणसाला बांधतं, ही समजूत इतकी खोल होती की बोलणं आणि वचन देणं याला एकच शब्द पुरला. 'मी शब्द दिला' म्हणताना आपण अजूनही तेच करतो.

आणि इथे तुमच्या मित्राच्या कानडीच्या शंकेला थोडा मान द्यायला हवा. कानडीत 'भाषे' म्हणजे भाषा आणि 'भाषे' म्हणजेच वचन. पुण्यकोटी गाईची गोष्ट कर्नाटकात शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असते. वासराला दूध पाजून परत येते, असं वाघाला सांगून ती जाते आणि खरोखर परत येते. ती जे पाळते ते तिचं भाषे. म्हणजे संस्कृतातून एकच शब्द दोन्ही घरांत आला. कानडीने त्याचं रूप जवळजवळ तसंच ठेवलं आणि मराठीने झिजवून भाक केलं. आणाभाकांमधली आणही अशीच. आज्ञा, तिच्यापासून आण, आणि कानडीत आणे. दोन्हीकडे अर्थ शपथ. पूर्वी पंचांसमोर आणि देवासमोर घ्यायच्या या गोष्टी, आता त्या फक्त प्रेमिकांच्या वाट्याला उरल्या आहेत.

पंचांचा विषय निघालाच आहे तर भाषेचा कायद्यातला जन्मही सांगतो. तो मला सगळ्यात आवडतो. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, कल्याणला विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. कल्याण म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. पुढे इंग्रजी अमदानीतही हिंदूंच्या वारसाहक्काचे खटले हिच्या आधाराने चालले. तर मिताक्षरेत खटल्याला चार पाय आहेत: भाषापाद, उत्तरपाद, क्रियापाद आणि साध्यसिद्धिपाद. वादी येऊन आपलं म्हणणं मांडतो ती भाषा. प्रतिवादी देतो ते उत्तर. मग पुरावा आणि शेवटी निकाल. म्हणजे भाषा हा शब्द कोर्टात 'फिर्याद' या अर्थाने नांदत होता. तिलाच प्रतिज्ञा असंही नाव होतं. प्रतिवादीचं उत्तर आलं की मांडलेलं म्हणणं वादीला बदलता येत नसे.

आमच्या सीमाभागातल्या माणसाला हे वाचून हसू येतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही ज्या नकाशात गेलो त्यावरून महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. विज्ञानेश्वराच्या बोलीत सांगायचं तर भाषेवरून भाषा दाखल झाली. आणि दरवर्षी भाकणुकीला सीमेबद्दल काही बोललं जातंय का म्हणून आमच्याकडचे म्हातारे कान टवकारून उभे असतात. एक दाद दिल्लीत मागितलेली, एक देवळात. दोन्हीकडे तारखेची वाट बघणं आलंच.

देव आणि कोर्ट यांच्यात इतकं अंतर आहे असं मानायची सवय आपल्याला अलीकडची. मराठी अमलात वतनाचा तंटा सुटेना तेव्हा देवाचा बेल आणि भंडारा हातात उचलून शपथ घ्यायला लावत, कृष्णेच्या पात्रात उभं करून साक्ष घेत, आणि फारच अडलं तर दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचा आणि हाताला काय होतं ते बघायचं. मनुष्याच्या कायद्याचा हात जिथे पोचत नाही तिथे देवाने हात घालावा, अशी ती रीतसर सोय होती. इंग्रजांनी दिव्यं थांबवली, पण १८७३ च्या शपथ कायद्यातही एक फट राहिली होती. तू तुझ्या देवाची अमुक शपथ घेऊन सांग, ते मला कबूल, असं एका पक्षाने दुसऱ्याला म्हटलं आणि त्याने ती शपथ घेतली, की त्या मुद्द्यावर पुढे पुरावा नको. १९६९ च्या कायद्यात ही सोय गेली. आज मंत्र्याला शपथविधीत दोन पर्याय असतात: ईश्वरसाक्ष शपथ घेतो, किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो. 'दृढकथन' हा शब्द बोलताना जीभ अडखळते, पण अर्थाने बघाल तर भाकच. फक्त मधला साक्षीदार वजा.

आता भाकणेची तिसरी चाल, जी पुण्यातही सगळ्यांना माहीत आहे: करुणा भाकणे. इथे माणूस खालून वर बोलतो. देवा, माझ्या पदरात घाल, मधे पड, वाचव. भाकणुकीत तेच क्रियापद वरून खाली येतं. आणि एकमेकांना भाक देतो तेव्हा ते आडवं जातं, माणसाकडून माणसाकडे. एकाच क्रियापदाच्या या तीन वाटा मला दिसतात, आणि तिन्हींत एक गोष्ट समान आहे: बोलणारा नुसता बघ्या नाही. हवामान खात्याला पावसाचं काही देणं-घेणं नसतं, ते फक्त सांगतं. भाकणुकीतल्या देवाला आहे. तो रागावतो, बजावतो, तुम्ही असं वागलात म्हणून हे असं होईल असं सांगतो, आणि शेवटी सांभाळीन म्हणतो. भाविकाच्या लेखी ते भविष्यकथन नसतंच. ती हमी असते, आणि तिला अटी असतात. हमीबद्दल 'चुकली' असं म्हणत नाहीत. कुणी अट मोडली ते शोधतात. आजीच्या ठसक्याचा उलगडा मला इथे होतो.

भविष्य सांगणं वेगळं आणि देवाच्या वतीने बोलणं वेगळं, या पेचातून मराठी बायबल करणाऱ्यांनाही जावं लागलं. इस्रायलच्या इतिहासात राजा वाट चुकला, गरिबाचा न्याय बुडाला, की देवाच्या नावाने उठून बोलणारी ती माणसं. त्यांना जुन्या भाषांतरांत भविष्यवादी म्हटलं गेलं, पुढे संदेष्टा हा शब्द रुळला. दुसरा कितीतरी बरा. त्यांच्यातल्याच आमोसाचं अर्धं बोलणं खोट्या मापांवर आणि विकाऊ न्यायावर आहे. त्याला भविष्यवादी म्हटलं की पंचांगवाल्याच्या रांगेत बसवल्यासारखं होतं. आणि देव-माणसातल्या बांधिलकीला तिथे 'करार' हा अरबी, सरकारदरबारचा शब्द बसला. 'भाक' हाताशी होती, पण तोवर ती बहुधा फार घरगुती वाटू लागली असावी.

कानडी मुलखात याच जातीचा एक प्रकार आहे, त्याला कार्णिक म्हणतात. विजयनगर जिल्ह्यातल्या मैलारला, म्हणजे आपल्या खंडोबाच्याच कानडी घरी, गोरवय्या, म्हणजे देवाचा तिथला सेवेकरी, उभ्या धनुष्यावर चढतो, 'सद्दले' अशी आरोळी देतो, लाखभर माणूस चिडीचूप होतं, आणि तो एकच वाक्य बोलून खाली झोकून देतो. संपलं. पुढचं वर्षभर त्या एका वाक्याचा अर्थ लावत बसायचं. आमची भाकणूक त्यामानाने ऐसपैस, विषयवार, मराठी स्वभावाला साजेशी बडबडी. दोन्ही ऐकलेला माणूस कार्णिकला भाकणूक म्हणत नाही आणि भाकणुकीला कार्णिक म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका.

खरी ठरते का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या मित्रांनी विचारलं असेलच. पेपरात छापून येणारी भाकणूक वाचली तर तिच्यातली निम्मी वाक्यं कुठल्याही वर्षाला लागू पडतील, असं माझं मत आहे, आणि ते मी आजीसमोर कधी बोललो नाही. मात्र 'भाकणूक म्हणजे भाकडकथा' अशी जी कोटी फिरते ती भाषेच्या बाजूने तरी टिकत नाही. तो भाकड दूध न देणाऱ्या गाईचा. त्याचा भाकेशी संबंध नाही.

मित्रांना उत्तर द्यायचं तर लेखी द्या, आणि देताना 'भाकणुक' असं लिहू नका. आमच्याकडच्या पेपरांच्या मथळ्यांत ही चूक नेहमी दिसते. शेवटून दुसरा 'णू' दीर्घ: भाकणूक. प्रत्यय लागला किंवा अनेकवचन झालं की तो ऱ्हस्व होतो: भाकणुकीत, भाकणुकीला, भाकणुका. निवडणूक-निवडणुकीत जसं लिहिता तसंच.