मी कळवलं हे त्याला कळलं तर?

शाळेच्या गोपनीय लाईनवर, म्हणजे कुणी धोक्यात आहे असं वाटलं तर मुलांनी कळवायच्या सोयीवर, काही कळवलं, तर नाव बाहेर येणार नाही ना? मी समुपदेशन करते, तेव्हा हा प्रश्न मला मुलं विचारतात, आणि त्यांचे आईवडील तर जास्तच विचारतात. आईवडिलांच्या मनात बहुतेकदा 'नसत्या भानगडीत आपलं पोर कशाला?' हे असतं. मुलांची भीती वेगळी असते. ती काय असते, ते नववीतल्या एका मुलीच्या निमित्तानं सांगते. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत.

झोप लागत नाही म्हणून आई तिला घेऊन आली होती. अभ्यासाचं टेन्शन असेल, असा आईचा अंदाज. दुसऱ्या भेटीत आई बाहेर बसली होती, तेव्हा मुलीनं फोन काढून मला शाळेच्या लाईनसाठी लिहिलेला पण न पाठवलेला मेसेज दाखवला: 'आमच्या शाळेतला एक मुलगा खूप दुःखी आहे. प्लीज लक्ष द्या.'

एवढंच. नाव नाही, वर्ग नाही, तो नेमकं काय म्हणाला तेही नाही. आधी तिनं सगळं लिहिलं होतं. मग ज्या ज्या वाक्यावरून आपण ओळखू येऊ असं वाटलं, ते वाक्य ती काढत गेली. उरलं ते वाचून जगातला कुणीही त्या मुलापर्यंत पोचू शकला नसता.

मुलगा तिच्याच वर्गातला, पहिलीपासूनचा मित्र. रात्री-अपरात्री तिला लिहायचा की आता जगावंसं वाटत नाही. गेल्या आठवड्यात त्यानं जिवापाड जपलेली चित्रांची वही तिला देऊन टाकली, 'तुझ्याकडेच राहू दे आता' म्हणाला, आणि कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घ्यायला लावली. आवडीच्या वस्तू अशा वाटून टाकणं हा धोक्याचा ठळक इशारा मानला जातो. हे ऐकल्यावर वाट बघण्यात अर्थ नव्हता. जिवाला धोका असेल तिथे माझ्या खोलीतली गुप्तताही संपते, हे मी पहिल्याच भेटीत सांगून ठेवते. तिला म्हटलं, "तू कळवलं नाहीस तर मी कळवणार. पण त्याचे मेसेज तू वाचलेत, मी नाही. तू लिही, मी इथेच बसते."

तेव्हा तो प्रश्न आला. "मॅडम, माझं नाव कळेल?"

लाईन कशी चालते ते मी तिला सांगितलं. काही लाईनवर पलीकडच्या माणसालाही तुमचं नाव दिसत नाही. काहींवर त्याला नाव माहीत असतं, पण ते पुढे कुणाला सांगायचं नाही असं बंधन असतं. पहिल्या प्रकारात निर्धास्त वाटतं, पण तुम्ही त्यांच्या प्रश्नांना उत्तर दिलं नाही तर माहिती तिथेच अडकते. म्हणून चांगल्या लाईनवर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, नाव न सांगतासुद्धा. तो आत्ता कुठे आहे, एकटा आहे का, हाताशी काही घातक आहे का, असं ते विचारतात. धोका तातडीचा वाटला तर तत्काळ मदत पाठवतात, नाहीतर शाळेतल्या ठरलेल्या माणसांकडे देतात.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण हे फक्त मलाच माहीत आहे. तो ओळखेलच ना?"

हीच मुलांची खरी भीती. शाळेनं किंवा पोलिसांनी नाव फोडण्यापेक्षा मित्र तुटण्याची त्यांना जास्त धास्ती असते. 'कुणालाही कधीच कळणार नाही' असं अशा मुलांना सांगू नये, या मताची मी आहे. ते खोटं असतं, आणि खोटं पडलं की ते मूल पुढच्या वेळी कुठल्याच मोठ्या माणसाकडे येत नाही. मी म्हटलं, "हो, ओळखेल बहुतेक. चिडेलही. तो चिडला तर तू त्याला काय म्हणशील, ते आपण आत्ता ठरवू." यावर ती बराच वेळ रडली. मग आम्ही खरंच त्याची तालीम केली.

अशा लाईन मुळात का निघाल्या, हे पालकांनी लक्षात घ्यावं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाईन हायस्कूलमध्ये १९९९ साली गोळीबार झाला, आणि त्यातून तिथे 'सेफ टू टेल' ही निनावी कळवण्याची सोय उभी राहिली. २००२ साली अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसनं आणि शिक्षण खात्यानं शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ८१ टक्के घटनांमध्ये हल्लेखोराच्या मनात काय चाललंय हे निदान एका व्यक्तीला आधीच माहीत होतं, आणि माहीत असलेले बहुतेक जण मित्र, शाळासोबती किंवा भावंडं होती. लाईन सुरू झाल्या हल्ले रोखायला, पण त्यांवर मुलं आत्महत्येचे विचार आणि दादागिरी यांबद्दल कितीतरी जास्त कळवतात. त्यामुळे 'आमच्या शाळेत असलं काही होत नाही' हे उत्तर मला पटत नाही.

चुकीचं निघालं तर? हाही प्रश्न तिनं विचारला. काळजीपोटी कळवलेलं चुकीचं ठरणं आणि कुणाला अडकवायला खोटं रचणं यांत फरक आहे, आणि लाईनवरची माणसं तो करतात. तुम्ही पुरावा द्यायचा नसतो. ऐकलं-पाहिलं तेवढं जसंच्या तसं, त्याच्याच शब्दांत लिहायचं.

तिनं तसं लिहिलं. नाव, वर्ग, वहीची गोष्ट, शेवटचे मेसेज. थोड्याच वेळात पलीकडून प्रश्न आले. संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी माणसं पोचली होती.

पुढे काय झालं हे तिला लाईनवरून कधीच कळलं नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण त्याची उपचारांची माहिती त्याची असते. कळवणाऱ्याला मात्र ही शांतता फार जड जाते. तो शाळेत परत आला तेव्हा त्यानं विचारलं, "तूच ना?" ती हो म्हणाली. त्यानं बरेच दिवस अबोला धरला. आता बोलतो, पूर्वीइतकं नाही. वही तिनं त्याला परत दिली आहे.

तिच्या आईनं मला शेवटी विचारलं, "हिचं नाव कुठे नोंदलं तर गेलं नसेल ना?" मी म्हटलं, ते शाळेलाच विचारा, आणि सोबत आणखी तीन गोष्टी विचारा. रात्री आणि सुट्टीत आलेला मेसेज कोण वाचतं? तो शाळेतल्या किती जणांना दिसतो? आणि तक्रार शाळेतल्याच एखाद्या शिक्षकाबद्दल किंवा मुख्याध्यापकांबद्दल असेल, तर ती कुणाकडे जाते?