मायक्रोकोड बूटच्या अगदी सुरुवातीलाच का चढवतात?

तुमचा प्रश्न असा, की लिनक्समध्ये प्रोसेसरचा मायक्रोकोड (इन्स्ट्रक्शन कशा राबवायच्या हे सांगणारा, प्रोसेसरच्या आतला छोटा प्रोग्रॅम) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, डोळे उघडतो न उघडतो तोच का चढवतात. मशीन नीट चालू झाल्यावर, बाकीच्या अपडेटसारखा सावकाश का नाही?

हे अपडेट प्रोसेसरमध्ये कायमचं बसत नाही. मशीन बंद केलं की जातं, म्हणून दर बूटला नव्याने चढवावं लागतं. पहिला मान बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरचा. पण जुन्या मदरबोर्डसाठी कंपन्या नवा बायोस काढेनाशा होतात, तेव्हा कर्नलचाच आधार उरतो.

आता घाईचं कारण. कर्नल उठता उठता प्रोसेसरला विचारतो, तुला कोणकोणत्या इन्स्ट्रक्शन येतात? त्या उत्तरावर तो स्वतःची मांडणी ठरवतो. प्रोग्रॅम आणि लायब्रऱ्याही सुरू होताना एकदा विचारतात, पुन्हा विचारत नाहीत. मध्येच उत्तर बदललं तर गडबड होते, आणि ती झालेलीही आहे. ऑगस्ट 2014 मध्ये इंटेलने आपल्या हॅसवेल पिढीच्या प्रोसेसरमधल्या टीएसएक्स इन्स्ट्रक्शनमध्ये (एकाच डेटावर अनेक थ्रेड काम करताना लॉकचा खर्च वाचवणाऱ्या) दोष असल्याचं मान्य केलं आणि मायक्रोकोडने त्या बंदच करून टाकल्या. काही डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांमध्ये, जीलिबसी (बहुतेक प्रोग्रॅम वापरतात ती मूळ सी लायब्ररी) लॉक घेताना नेमक्या त्याच वापरत होती. चालू मशीनवर अपडेट चढवलं, की आधीपासून चालणारा प्रोग्रॅम जुन्या माहितीवर विसंबून ती इन्स्ट्रक्शन द्यायचा, प्रोसेसर ती ओळखायचा नाही आणि प्रोग्रॅम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून जागच्या जागी कोसळायचा. तेच अपडेट बूटच्या सुरुवातीला चढवलं तर टीएसएक्स होतं हे कुणाला कळतच नाही, मग कोसळणार कोण?

सुरुवातीला चढवायची सोय लिनक्स 3.9 मध्ये, म्हणजे 2013 मध्येच आली होती. चालू मशीनवर चढवायची सोय 2022 पासून कर्नलमध्ये मुळातच बंद असते. मला हा निर्णय शंभर टक्के पटतो.

यातली मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे इनिट-आरडीची, म्हणजे बूट होताना कर्नलबरोबर मेमरीत येणाऱ्या तात्पुरत्या फाइलींच्या गठ्ठ्याची, रचना. मायक्रोकोडची फाइल तिच्या अगदी पुढे, कॉम्प्रेस न केलेल्या सीपीआयओ (फाइली एकत्र बांधायचा साधा फॉरमॅट) तुकड्यात जोडलेली असते. त्या क्षणी कर्नलकडे फाइल सिस्टीम नसते, इनिट-आरडी उलगडायची यंत्रणाही अजून चालू झालेली नसते. तो मेमरीत सरळ ठरलेलं नाव शोधतो आणि सापडलेला मायक्रोकोड चढवतो. बाकीचे कोअर जसे जागे होतील तसा त्यांच्यावरही चढतो.

तुमच्याकडे चढला का हे बघायला डीमेसगमध्ये (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) ‘मायक्रोकोड’ (microcode) शोधा. ‘अपडेटेड अर्ली’ (updated early) दिसलं तर काम झालं. डेबियन 12 पासून मायक्रोकोडची पॅकेजं ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ (non-free-firmware) विभागात गेली आहेत. जुन्यावरून अपग्रेड केलं असेल तर सोर्सेस यादीत तो विभाग आहे ना, ते बघाच. व्हर्च्युअल मशीनच्या आत मात्र खटाटोप करू नका, तिथे होस्टवरच, म्हणजे ती जिच्यावर चालते त्या खऱ्या मशीनवरच, चढवावा लागतो.

एखादं अपडेटच बिघडलेलं निघालं तर? जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या दोषासाठी आलेल्या मायक्रोकोडने हॅसवेल आणि ब्रॉडवेलची मशीन अचानक रीबूट व्हायला लागली, आणि इंटेललाच तो वापरू नका म्हणून सांगावं लागलं. अशा वेळी ग्रबमधून (कर्नल चढवणारा बूट लोडर) ‘डिस_यूकोड_एलडीआर’ (dis_ucode_ldr), म्हणजे कर्नलने मायक्रोकोड चढवू नये, हा पर्याय देऊन बूट करा आणि जुनं पॅकेज परत टाका. बिघडलेलं अपडेट बायोसमधूनच आलं असेल तर हा उपाय चालत नाही.

उलट काही दुरुस्त्या बायोसमधूनच घ्याव्या लागतात. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजने कायमचं नुकसान होत होतं, त्यावरचा 2024 मधला मायक्रोकोड बायोस अपडेटमधून दिला गेला. तुमचा प्रोसेसर त्यातला असेल तर पॅकेजवर विसंबू नका, आजच मदरबोर्डचा नवा बायोस टाका.