नवीन नोकरी आणि बाहेरचं जेवण

अरे, पुण्यात नोकरी लागली ना, मग आधी रोजच्या जेवणाची एकच खानावळ पक्की कर. साडेबाराला पोच. दीडनंतर पोळ्या गार आणि आमटीत पाणी वाढलेलं असतं. ताट आलं की पहिल्यांदा आमटीच भुरकून बघ. चिंच-गूळ नीट लागला, फोडणी ताजी असली की बाकीचं जेवण सहसा चांगलंच निघतं. टिळक रोडवरच्या ‘बादशाही’ खानावळीत एकदा तरी जाच, साधं जेवण किती छान असतं ते कळेल.

पनीर बटर मसाला रोज नको. मी पहिली दोन वर्षं तेच खाल्लं, पित्त कायमचं मागे लागलं. आता ताक मात्र चुकवत नाही. आणि वाढणाऱ्या काकांशी दोन शब्द बोलत जा, तव्यावरची पोळी तुझ्या ताटात आधी येईल.