थर रचले की चॉकलेट केक का दबतो?

प्रश्न: नमस्कार ताई, माझा चॉकलेट केक एकदम मऊ आणि ओलसर होतो, सगळ्यांना आवडतो. पण तीन थर एकावर एक ठेवले की खालचा दबतो आणि मधलं क्रीम बाजूने बाहेर येतं. रेसिपीत बटर नाही, नुसतं तेल आहे आणि एक कप गरम पाणी आहे. मैदा वाढवला तर केक घट्ट होईल का? आणि पुढे त्यावर अजून एक छोटा केक ठेवायचाय, ते जमेल का?

उत्तर: मैदा अजिबात वाढवू नका. नुसता मैदा वाढवला की केक मजबूत होत नाही, कोरडा होतो, कापताना भुगा पडतो आणि चव जाते ती वेगळीच. तुमच्या रेसिपीत चूक काहीच नाही, नुसता खायला तो केक मस्तच असणार, पण तेल फ्रीजमध्येही पातळच राहतं त्यामुळे केक कितीही थंड केला तरी लुसलुशीतच राहतो आणि वरून वजन आलं की बसतो. बटर थंडीत घट्ट होतं, म्हणून थर रचताना बटरचा केक हातात नीट धरता येतो. पण तेल पूर्ण काढू नका, कारण फक्त बटरचा केक गार असताना खाल्ला तर कोरडा लागतो. दोन्ही घ्या, बटर जास्त आणि तेल कमी.

२० सेंटीमीटरच्या दोन टिनसाठी माप असं धरा: मैदा २४० ग्रॅम, कोको ६० ग्रॅम, साखर ३०० ग्रॅम, बिनमिठाचं बटर ११५ ग्रॅम, तेल ६० मिली, अंडी ३, बेकिंग सोडा आणि बेकिंग पावडर प्रत्येकी १ छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, २४० मिली दुधात १ मोठा चमचा व्हिनेगर, आणि गरम कॉफी १२० मिली. कॉफी नको असेल तर गरम पाणी चालेल पण कॉफीने चॉकलेटची चव खुलते, कॉफीची चव वेगळी अशी फारशी लागत नाही. कोको आधी त्या गरम कॉफीत कालवून ठेवा. मऊ बटर, तेल आणि साखर चांगलं फेटा, अंडी एकेक करून घाला, मग कोरडं मिश्रण आणि दूध आलटून पालटून, शेवटी कोको. मैदा पडल्यावर जास्त फेटू नका, पांढरा मैदा दिसेनासा झाला की थांबा, नाहीतर केक चिवट होतो.

ओव्हन १६५ ते १७० डिग्री, साधारण ३० ते ३५ मिनिटं. कडा टिनपासून जराशी सुटलेली दिसली आणि मध्ये घातलेल्या काडीला ओलं पीठ न लागता एकदोन ओलसर कण लागले की लगेच काढा. काडी अगदी कोरडी येईपर्यंत ठेवलात तर उशीर झालेला असतो. कडा आधी शिजते आणि मध्य नंतर फुगतो म्हणून वर डोंगर येतो, टिनला बाहेरून ओल्या कापडाची पट्टी गुंडाळलीत तर तो बराच कमी होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे घाई. गरम केक कापूही नका आणि रचूही नका. दहा मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर पूर्ण गार, मग क्लिंग रॅपमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी दातेरी सुरीने वरचा फुगवटा कापा आणि हवं तर एकेकाचे दोन थर करा, कसा सरळ कापला जातो बघा! क्रीम बाहेर येतं ना, त्यासाठी प्रत्येक थराच्या कडेने आधी घट्ट बटरक्रीमची रिंग घाला आणि फिलिंग त्या रिंगच्या आत भरा. मग सगळीकडून पातळ क्रम्ब कोट, म्हणजे केकचा भुगा धरून ठेवणारा क्रीमचा पहिला पातळ थर, अर्धा तास फ्रीज, आणि मगच शेवटचं आयसिंग.

छोटा केक वर ठेवायचा तर एक गोष्ट पक्की धरा, वरच्या केकचं वजन खालच्या केकने पेलायचंच नाही, ते डॉवेलने, म्हणजे केकमध्ये उभ्या खुपसायच्या दांड्यांनी पेलायचं. वरचा केक त्याच्याच मापाच्या बोर्डवर हवा. खालच्या गार केकमध्ये एक डॉवेल तळापर्यंत खुपसा, आयसिंगच्या पातळीला पेन्सिलने खूण करा, बाहेर काढा आणि सगळे डॉवेल त्याच खुणेइतके कापा. एखादा जरी उंच राहिला तरी वरचा केक कलतो. १५ सेंटीमीटरच्या केकखाली चार-पाच पुरतात, वरच्या बोर्डच्या घेराच्या आतच लावा, बाहेर गेले तर दिसतील. केक गाडीतून न्यायचा असेल तर वरून खालपर्यंत एक लांब डॉवेल मधोमध घाला.

प्रश्न: माझ्याकडे डच प्रोसेस कोको आहे, तो चालेल का? आणि थरांमध्ये व्हिप क्रीम की गनाश?

उत्तर: साधा कोको आंबट असतो, तो सोड्याबरोबर काम करतो. डच कोकोचा आंबटपणा काढलेला असतो, त्यामुळे फक्त कोकोच्या भरवशावर सोडा घातलेल्या रेसिपीत तो घातला तर केक नीट फुगत नाही आणि सोड्याची चव राहते. वरच्या मापात व्हिनेगरचं दूध आणि बेकिंग पावडर दोन्ही आहेत, म्हणून बिनधास्त वापरा, रंगही गडद येईल. टियरच्या, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या केकला व्हिप क्रीम मी तरी सुचवणार नाही, ते बाहेर लवकर ढिलं पडतं. गनाशच घ्या, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट. बाहेरून लावायला दोन भाग डार्क चॉकलेट आणि एक भाग क्रीम, आत भरायला दोन्ही समान घेतलं तरी चालतं, फक्त कडेची रिंग विसरू नका.