शब्दशंका : अडवणारा ‘लेट’ आणि जाऊ देणारा ‘लेट’

प्रश्न : चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या ‘नाइट्स टेल’ (सरदाराची गोष्ट) मध्ये एका ओळीत ‘लेट्टेन’ म्हणजे अडवणे आणि लगेच पुढच्या ओळीत ‘लाट’ म्हणजे करू देणे, असे तळटीपा सांगतात. एकाच क्रियापदाचे इतके उलटे अर्थ कसे? वाचताना ते ओळखायचे कसे?

उत्तर : तुम्ही म्हणता त्या 889 ते 891 या ओळी. गोष्टी सांगण्याची पैज लागली आहे, बक्षीस आहे जेवणाचे. सरदार म्हणतो, ‘या मंडळींपैकी कोणाला मी अडवणार नाही, प्रत्येकाला आपली गोष्ट सांगू द्या, आणि बघू या जेवण कोण जिंकतो ते.’ इथे क्रियापद एक नाही, दोन आहेत : ‘लेट्टेन’ आणि ‘लेटेन’. तुमचा ‘लाट’ हे ‘लेटेन’चे रूप. ‘लेटेन’मधला पहिला स्वर दीर्घ, त्याचा अर्थ सोडणे, करू देणे. ‘लेट्टेन’मधला स्वर ऱ्हस्व आणि ‘ट’ दुहेरी; त्याचा अर्थ अडवणे, खोळंबवणे. हे दुसरे क्रियापद ‘मंद, उशिरा’ या अर्थाच्या जुन्या विशेषणापासून झाले. गाडी लेट आहे म्हणताना आपण त्याच विशेषणाचा आजचा वंशज वापरतो. फार मागे गेले तर दोघांचे मूळ एकच निघते, पण चॉसरच्या काळात ती स्वतंत्र होती. पुढे दीर्घ स्वर आखडला, शेवटचा ‘एन’ गळाला आणि दोघांचे रूप ‘लेट’ झाले.

खरी गुंतागुंत ‘लेटेन’ची आहे. सोडून देणे, करू देणे, भाड्याने देणे, शिरेतून रक्त काढणे, एखाद्याला अमुक लेखणे, इतके अर्थ त्यात आहेत. मराठीतल्या ‘देणे’कडे पाहा : ‘जाऊ दे’ आणि ‘भाड्याने दे’ यांत आपल्याला काहीच विचित्र वाटत नाही. सर्वात जास्त चुका होतात त्या करवून घेण्याच्या अर्थात. ‘लेट’नंतर थेट दुसरे क्रियापद आले आणि मध्ये काम करणाऱ्याचा उल्लेख नसला, तर बहुधा ‘करवले’ असे वाचावे. ‘राजाने लेट मेक किल्ला’ म्हणजे किल्ला बांधू दिला नव्हे, बांधवला. ‘कँटरबरी टेल्स’मधल्याच ‘स्क्वायर्स टेल’मध्ये राजा आपल्या वाढदिवसाची दवंडी पिटवतो, तिथे चॉसर ‘लेट’ आणि ‘डोन’ ही दोन्ही प्रयोजक क्रियापदे एकापुढे एक ठेवतो. आपले हे काम ‘पिटणे’चे ‘पिटवणे’ करून भागते.

आता ओळखण्याच्या खुणा. आधी भूतकाळ पाहा. ‘लेटेन’चा भूतकाळ बहुधा दोन ‘ई’ आणि एका ‘टी’ने लिहिलेला असतो, ‘लेट्टेन’चा ‘लेट्टे’, म्हणजे दोन ‘टी’ आणि शेवटी ‘ई’. मग पुढे काय येते ते पाहा. ‘टू’शिवाय क्रियापद आले तर करू देणे किंवा करवणे. माणूस कर्म असून पुढे ‘ऑफ’ किंवा ‘फ्रो’ (आजचा ‘फ्रॉम’) आले, तर बहुतेक अडवणे. वर्तमानकाळात मात्र जपून : ‘तो लेट’ हे ‘लेट्टेथ’चे आखडलेले रूप असू शकते. तिथे संदर्भाशिवाय इलाज नाही. ‘लेट हिम कॉल’सारख्या रचनेतही ‘त्याला बोलावू दिले’ आणि ‘त्याला बोलावून आणवले’ हे दोन्ही अर्थ व्याकरणाला चालतात. निवाडा प्रसंगच करतो.

प्रश्न : अडवणारा ‘लेट’ कधी संपला?

उत्तर : बराच उशिरा. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (2:7) ‘जो आता लेट करतो’ म्हणजे जो आता अडवून धरतो. हॅम्लेटही मला जो ‘लेट’ करील त्याचे भूत करीन म्हणतो, तेव्हा त्याला अडवणाराच अभिप्रेत आहे. ब्रिटिश पासपोर्टवर ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ या जोडीत तो नाम म्हणून टिकला आहे.

प्रश्न : मध्ययुगीन इंग्रजीच्या कोशात ‘लेट’ कुठे शोधावा?

उत्तर : मिशिगन विद्यापीठाचा ‘मिडल इंग्लिश डिक्शनरी’ ऑनलाइन मोफत आहे. त्यात क्रियापदाची नोंद ‘एन’कारान्त रूपाखाली असते, म्हणून ‘लेटेन’ आणि ‘लेट्टेन’ या दोन्ही नोंदी उघडा. पहिलीच उघडून थांबलात, तर अडवण्याचा अर्थ तुम्हाला सापडणार नाही.