बुऱ्हाणपूरचा बुऱ्हाण नेमका कोण?

प्रश्न: आम्ही रावेरकडचे. लग्नाचा बस्ता बांधायला बुऱ्हाणपूरला गेलो होतो, तिथे साडूभाऊंशी जुंपली. ते म्हणतात बुऱ्हाण नावाचा राजा होता त्याने गाव वसवलं, मी म्हणतो सगळं मोगलांचं काम. एक किलो मावा जिलेबीची पैज लागलीय, निकाल द्या.

उत्तर: काय भो, दोघंही हरलात! मोगलांचं म्हणाल तर अकबराने बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला घेतला १६०१ मध्ये, तोवर बुऱ्हाणपूर दोनशे वर्षांचं जुनं झालेलं. आणि बुऱ्हाण हा राजा नव्हताच, तो सूफी फकीर. शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब, दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य, वारले १३३७ मध्ये, दर्गा खुलताबादला. म्हणजे ज्यांच्या नावाने शहर वसलं त्यांनी ते कधी पाहिलंच नाही.

वसवलं ते नासिरखान फारुकीने, १४०० च्या सुमारास. याचा बाप मलिक राजा, त्याला दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाकडून आपलं शिरपूरजवळचं थाळनेर मिळालं आणि तिथूनच फारुकींचं राज्य सुरू झालं, त्यांच्या कबरी अजून थाळनेरला आहेत. १३९९ ला बाप गेला, पोरगा गादीवर आला आणि त्याची नजर गेली आसा अहिराच्या असीरगडावर. फरिश्ता नावाचा इतिहासकार लिहितो की बायका-मुलांना गडावर आसरा द्या म्हणून याने विनंती केली आणि डोल्यांमधून पाठवले सैनिक! आसा बिचारा पाहुण्यांचं स्वागत करायला पुढे आला अन् मारला गेला. (गडाचं नाव मात्र आसाचंच राहिलं, एवढं तरी बरं.)

मग फरिश्ताच सांगतो की बुऱ्हाणुद्दीनांचे शिष्य शेख जैनुद्दीन नासिरखानाला शाबासकी द्यायला तापीकाठी आले, खान जमीन देऊ लागला तर म्हणाले, मला नको, एका काठाला माझ्या गुरूंच्या नावाने शहर वसव आणि दुसऱ्या काठाला माझ्या नावाने. तेच बुऱ्हाणपूर आणि समोरचं जैनाबाद. गोष्ट झकास आहे पण हिशोब लावला की फसते, कारण जैनुद्दीन वारले १३६९ मध्ये, म्हणजे नासिरखान गादीवर यायच्या तीस वर्षं आधी. मला वाटतं जैनुद्दीनांचा खरा मुरीद, म्हणजे शिष्य, बाप होता, मलिक राजा, फरिश्ताच तसं म्हणतो, आणि पोराने बापाच्या गुरूचं आणि त्या गुरूच्याही गुरूचं नाव दोन काठांना दिलं, मागून लोकांनी भेट जोडून दिली. हे जैनुद्दीन म्हणजे खुलताबादला ज्यांच्या दर्ग्याच्या अंगणात औरंगजेबाची साधी मातीची कबर आहे ना, तेच.

पुढच्या वेळी गेलात की जामा मशिदीत संस्कृत शिलालेख नक्की बघा. हो, मशिदीत संस्कृत! शके १५११ चा आहे, त्यात फारुकींची वंशावळ राजा मलिकपासून मांडलीय. आणि तापी ओलांडून जैनाबादला जा, तिथल्या आहुखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, मुमताजमहलला १६३१ मध्ये आधी पुरलं होतं, आग्र्याला नंतर नेलं.

पैजेचं म्हणाल तर अर्धा-अर्धा किलो दोघांनी आणा, आमच्या ऑफिसचा पत्ता अंकात दिलेलाच असतो.